कामगारांच्या तब्येतीसाठी मालकानं नेमकं काय करावं? (कुपवाड, मिरज, साताऱ्याच्या एमआयडीसीवाल्यांनी जरूर लिहा)

टर्नर_कुपवाड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. वडिलांनी लेथवर सुरू केलेलं, आता सीएनसी-व्हीएमसी धरून पस्तीस-चाळीस माणसं आहेत, कंत्राटी हेल्पर वेगळे. ज्या मोठ्या कंपनीला आम्ही जॉब (मशीनवर केलेले सुटे भाग) पुरवतो त्यांच्या ऑडिटच्या यादीत यंदा 'कामगारांचं आरोग्य' असं नवीन कलम आलंय. कोणते उपक्रम राबवता ते लिहा आणि पुरावा जोडा. पुरावा म्हणजे अर्थातच फोटो.

ही बातमी कशी पोचली कोण जाणे, पण आठवड्यात पुण्याचे एक सल्लागार दारात हजर. महिन्यातून एकदा योगासनं, मोबाइलवर पावलं मोजायची स्पर्धा, भिंतीला पोस्टर आणि वर्षातून एकदा रक्ततपासणीचा कॅम्प, असं त्यांचं पॅकेज. आकडा ऐकून वडील म्हणाले, "एवढ्यात दोन संडास नवीन बांधून होतील." माझ्या डोक्यात तेव्हापासून तेच घोळतंय. आमची माणसं आठ तास मशीनपुढं उभी असतात, ती पावलं कुठली मोजणार?

ऑडिटचा कागद मला भरावाच लागणार आहे. पण पैसे जाणारच असतील तर ते माणसांच्या अंगी लागावेत. कारखान्यात, दुकानात, ऑफिसात काम केलेल्यांनी सांगा: मालकानं केलेल्या कोणत्या गोष्टीमुळं तुमच्या तब्येतीत खरोखर फरक पडला? उपदेश नको, घडलेलं सांगा.

उधारीखाता

पहिला नंबर माझा. पगार सात तारखेच्या आत द्या, बाकी योगासनं ते घरी करतील.

आणि ऑडिटला येणाऱ्या साहेबांना आमच्यातर्फे विचारा की लहान उद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यायचं हे कायद्यातलं कलम तुमच्या यादीत कुठं आहे. तेवढं पाळलं तरी माझं बीपी उतरेल. मालकाच्या तब्येतीचा धागा कोण काढणार?

पाळी_नंबर_तीन

मालकांच्या धाग्यावर ऑपरेटर लिहितोय, सांभाळून घ्या.

आधी कूलंटचं सांगतो, म्हणजे धातू कापताना गार राहावा म्हणून मशीनवर सोडतात ते तेल-पाण्याचं मिश्रण. जुन्या ठिकाणी रविवारची सुट्टी झाली की सोमवारी फर्स्टला मशीन चालू केल्या केल्या नासक्या अंड्याचा वास यायचा. टाकीत वरच्या बाजूला मशीनचं तेल तरंगतं, खाली हवा जात नाही आणि कूलंट सडतं. बदलायला खर्च येतो म्हणून वरनं नुसतं पाणी ओतायचं. आमच्या सगळ्यांच्या बोटांच्या बेचक्यात पुरळ, नखांच्या कडेला भेगा. घरी जेवायला बसलं आणि रस्सा बोटाला लागला की डोळ्यांत पाणी यायचं. पाळी सुटल्यावर हात रॉकेलनं नाहीतर थिनरनं धुवायचे, म्हणजे उरलेली कातडीपण जायची.

आत्ताच्या ठिकाणी तेल उपसायला टाकीवर बेल्टचा स्कीमर बसवलाय, मेंटेनन्सवाला रोज सकाळी रिफ्रॅक्टोमीटरनं कूलंट किती घट्ट-पातळ आहे ते बघतो, आणि बेसिनपाशी हात धुवायची पेस्ट ठेवलेली असते. पुरळ गेलं. कॅम्प नाही, पोस्टर नाही. आणि टूलचं आयुष्य वाढलं म्हणून मालकपण खूश.

दुसरी गोष्ट पाळीची. शनिवारी रात्री व्हॉट्सॲपवर येतं, "सोमवारपासून तू थर्डला." आमच्यातल्या निम्म्यांची शेती आहे. शेतपंपाची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. थर्ड करून आलेला माणूस झोपायचं सोडून उसाला पाणी पाजायला जातो. महिन्याचा तक्ता आधी लावला तर माणूस झोपेचं, पाण्याचं, लग्नकार्याचं गणित बसवतो. याला मालकाचा एक रुपया लागत नाही.

डॉ_मिरजवाले

पाळी_नंबर_तीन यांच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. हाताची अशी कातडी घेऊन येणारे पेशंट आम्ही नेहमी बघतो. मलम देतो, बरं वाटतं, परत कामावर गेले की परत तेच. औषध त्या टाकीला हवं असतं. आणखी एक सांगून ठेवतो: तेलात भिजलेली चिंधी पँटच्या खिशात ठेवायची सवय मोडा. ते तेल दिवसभर मांडीला पाझरतं, आणि मशीनवरून हात काढला तरी कातडीचा तेलाशी संबंध सुटत नाही.

रात्रपाळीबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं रात्रपाळीचं काम 'बहुधा कर्करोगकारक' या गटात २००७ मध्ये घातलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तिथंच ठेवलं. म्हणून रात्रपाळी बंद करा असं मी म्हणत नाही, भट्टी विझवता येत नाही हे मलाही कळतं. पण पाळ्या फिरवताना पहिली, मग दुसरी, मग तिसरी अशा पुढं सरकवा. उलट्या फिरवल्या की शरीराला जुळवून घ्यायला जास्त जड जातं. आणि दोन पाळ्यांच्या मध्ये किमान अकरा तास सुटू द्या. सेकंड करून रात्री बाराला घरी गेलेल्या माणसाला सकाळी सातच्या ओटीला (ओव्हरटाइमला) बोलवायचं आणि वर्षाच्या शेवटी त्याची शुगर तपासायची, याला काय म्हणावं?

बेदाणावाली

मी तासगाव भागात एका बेदाण्याच्या युनिटवर हिशेब बघायचे. हॉलमध्ये निवडायला आणि पॅकिंगला सगळ्या बायका. संडास एकच, त्याला कुलूप, किल्ली सुपरवायझरच्या खिशात. सुपरवायझर पुरुष. किल्ली मागायची म्हणजे सगळ्या हॉलसमोरून चालत जायचं आणि तो म्हणणार, "आत्ताच तर गेलीस की."

त्यामुळं बायका पाणीच प्यायच्या नाहीत. सकाळी घरून निघताना चहा, मग दुपारी भाकरीबरोबर दोन घोट, मग थेट घरी. एप्रिल महिना, वर पत्रा. लघवीला जळजळ, ताप, कंबर धरणं हे इतकं रोजचं की त्याला आजारपण म्हणायचं कुणाला सुचायचंही नाही. कुणी आली नाही की मस्टरवर 'खाडा' एवढंच.

पुढं मालकाची सून कारभार बघायला लागली. तिनं बाहेरचं कुलूप काढून आतून कडी बसवली, पॅडसाठी झाकणाची बादली ठेवली आणि पाण्याचा माठ हॉलच्या आत आणला. आधी तो गेटपाशी वॉचमनच्या खोलीजवळ होता. खाडे किती कमी झाले ते मस्टरवर मीच बघत होते. दादा, तुमच्याकडं बायका कामाला असतील तर पहिलं हे बघा आणि त्यांना बाईमाणसाकडून विचारा. तुम्ही विचारलंत तर "सगळं चांगलंय की दादा" एवढंच ऐकायला मिळेल.

उधारीखाता

ताई, याला उत्तर नाही. गप्प बसतो.

जुना_फेटलर

मी मिरजेकडं फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, सुपरवायझर होतो, आता रिटायर. लिहायची सवय नाही, चुकलंमाकलं माफ करा.

फौंड्रीत लोक भट्टीला भितात. खरं भ्यायचं असतं धुळीला. कास्टिंग गार झाल्यावर साच्यातून फोडून काढताना, मग ग्राइंडरवर घासताना जी वाळू उडते ती. डोळ्याला दिसते ती धूळ नाकातच अडकते वो. जी दिसत न्हाई ती आत जाऊन बसते. पाळी संपली की पोरं एअर गन घेत्यात आणि एकमेकांच्या अंगावर हवा मारून कपडे साफ करत्यात. हसतखेळत चाललेलं असतं. उन्हाची तिरीप त्या कोपऱ्यात आली की बघा, पोरगं धुरात उभं असल्यागत दिसतं. आणि तोंडाला काय, तर रुमाल.

आमच्या मालकानं तीन गोष्टी केल्या. कपड्यावर हवा मारायची बंद, त्याऐवजी भिंतीला व्हॅक्यूमची नळी. झाडू मारायचा तर आधी पाणी शिंपडून. आणि ग्राइंडिंगच्या टेबलाला मागनं धूळ ओढणारा पंखा. पहिल्यांदा पोरांनी शिव्या घातल्या, नळीनं वेळ लागतो म्हणून. मग मालकानं पाळी संपायच्या आधी दहा मिनिटं कपडे साफ करायला दिली, पगारी. तवा कुठं सवय लागली. स्वतःच्या वेळात कोण करणार हो, बाहेर बस उभी असती.

डॉ_मिरजवाले

काका, चुकलंमाकलं काहीही नाही, पाठ्यपुस्तकात असंच लिहिलेलं असतं. वाळूतल्या सिलिकाच्या बारीक कणांनी होतो तो सिलिकोसिस. फुप्फुसावर एकदा वण पडले की ते भरून येत नाहीत, आणि अशा माणसाला टीबीचा धोका जास्त. वर्षानुवर्षं टीबीच्या गोळ्या खाणाऱ्या कामगाराला 'कामाला कुठं होता?' हा प्रश्न विचारायला आम्ही डॉक्टर लोकही विसरतो. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात सिलिकोसिस हा सरकारला कळवायलाच हवा असा आजार म्हणून नोंदलेला होता.

रुमालाचा या धुळीला उपयोग नाही. एन-९५ हवा, आणि दाढी असेल तर तोही नीट बसत नाही. पण क्रम काकांनी सांगितला तोच ठेवा: आधी धूळ उडू न देणं, मग उडालेली ओढून घेणं, मास्क सगळ्यात शेवटी.

भट्टीपुढच्या उष्णतेचं एक राहिलं. उष्णतेचा झटका बसतो तो बहुतेक वेळा नव्या माणसाला, पहिल्या काही दिवसांत. म्हणून नवीन भरती झालेल्याला पहिल्या दिवशी पाळीच्या २० टक्के वेळच उष्णतेत ठेवा आणि रोज तेवढंच वाढवत न्या. पाणी तहान लागेल तेव्हा नको, पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, आणि ते हाताच्या अंतरावर हवं. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात एक. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं ओतू नये.

औंधकर

जरा अवांतर, पण विषय इथलाच आहे. कामगारांच्या तब्येतीचा विचार आपल्याकडं पुण्याच्या सल्लागारानं आणला असं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखान्याबरोबर गावच वसवलं, ती किर्लोस्करवाडी. जागा दिली औंध संस्थानानं. आणि त्याच औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा प्रचार पुढं किती केला हे सगळ्यांना माहीत आहे.

मला यातला क्रम आवडतो. आधी माळावर राहण्याजोगं घर आणि पाणी, मग नमस्कार. हल्ली २१ जूनला पटांगणात बॅनर लावून नमस्कार होतात आणि २२ तारखेला पाण्याची टाकी धुवायला माणूस नसतो.

कंदी_पेढा

बॅनरवरून आठवलं, आमच्या कंपनीत योगदिनाच्या फोटोत शवासन करताना एक जण खरंच झोपला होता. थर्ड शिफ्ट करून थांबवला होता त्याला, संख्या भरावी म्हणून. 😄

मॉडरेटर

धागा चांगला चाललाय. योगदिनावर वेगळा धागा काढा, इथं विषयाला धरून लिहा.

शिरवळची_एचआर

मी एचआरमध्ये आहे, साताऱ्यातून रोज शिरवळला जाते, त्यामुळं सल्लागार मंडळींची बाजूही थोडी मांडते. ते लोक लबाड असतात असं नाही. फक्त त्यांच्या मालाचा उपयोग किती, हे कुणी मोजत नाही. अमेरिकेत एका मोठ्या दुकानसाखळीनं मोजू दिलं. १६० ठिकाणचे साधारण ३३ हजार कर्मचारी, चिठ्ठ्या टाकल्यासारखी काही ठिकाणं निवडून तिथंच आरोग्याचा कार्यक्रम राबवला. २०१९ मध्ये निष्कर्ष छापून आले. दीड वर्षानंतर लोक म्हणाले आम्ही व्यायाम वाढवलाय, वजनाकडं लक्ष देतोय. पण बीपी, कोलेस्टेरॉल, वजनाचं प्रमाण, दवाखान्याचा खर्च, खाडे यांत म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. मनःस्वास्थ्याच्या ॲप आणि कार्यशाळांबद्दल ब्रिटनमधल्या ४६ हजारांवर कामगारांची पाहणी २०२४ मध्ये आली. त्यातही भाग घेणारे आणि न घेणारे सारखेच निघाले.

आमच्याकडं उपयोग झाला तो कॅन्टीनचा. सातच्या पाळीला साताऱ्यातून बस पहाटे निघते, खंबाटकी घाट ओलांडून पोचेपर्यंत कुणाच्या पोटात काही नसतं. मग नऊच्या चहाला वडापाव नाहीतर गोड शिरा. आम्ही कंत्राटदाराचा ताटाचा दर थोडा वाढवून दिला आणि सकाळी मोड आलेल्या मटकीची उसळ, अंडी, दुपारी ज्वारीची भाकरी आणि ताक ठेवलं. चहाची साखर वेगळी. वडा बंद केला नाही, बुधवारी असतो. बंद केला असता तर गेटबाहेरच्या गाडीवर रांग लागली असती, हे मला माझ्या शिफ्ट इन्चार्जनंच सांगितलं.

रक्ततपासणीबद्दल मात्र कडक बोलते. ती करायलाच हवी. नव्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, आणि केंद्रानं तेव्हा जाहीर केल्याप्रमाणे ४० वर्षांवरच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी मालकाकडं आलीय. प्रश्न आहे रिपोर्ट कुणाच्या हातात जातो याचा. एका ठिकाणी मी पाहिलंय, शुगर जास्त निघालेल्यांची यादी थेट प्रॉडक्शन मॅनेजरच्या टेबलावर. पुढच्या वर्षी अर्धी माणसं कॅम्पच्या दिवशी गावी गेली होती.

टर्नर_कुपवाड (धागाकर्ता)

हे महत्त्वाचं. मग तुम्ही काय करता? रिपोर्ट आम्हाला कळलाच नाही तर मदत तरी कशी करायची?

शिरवळची_एचआर

रिपोर्ट बंद पाकिटात, त्या माणसाच्या हातात. कंपनीला डॉक्टर फक्त 'या कामाला योग्य', 'उंचीवरचं काम नको', 'रात्रपाळी नको' असं कळवतात आणि एकूण आकडे देतात. नाव नाही. बीपी निघालेल्याला महिन्याभरानं परत दाखवायला अर्धा दिवस पगारी द्यायचा. ही दुसरी फेरी नसेल तर कॅम्पचे पैसे वाया. ज्याला शुगर निघाली त्याला त्याच दिवशी कागद देऊन सोडलं तर तो कागद घरी देव्हाऱ्यामागं जातो.

डॉ_मिरजवाले

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ च्या पाहणीत देशात मधुमेही १० कोटींच्या वर आणि त्याच्या उंबरठ्यावरचे १३ कोटींच्या वर. तुमच्या चाळीस माणसांत काही निघणारच, तयारीत राहा.

आणि कॅम्प करणारच असाल तर त्यात तोंडाची तपासणी घाला. आपल्या भागात तंबाखू-सुपारीचा मावा खाणारा प्रत्येक पाळीत सापडतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण मावा पानटपरीवर प्लॅस्टिकच्या कागदात चोळून तयार मिळतो. साधी खूण सांगतो: स्वतःची मधली तीन बोटं उभी करून वरच्या-खालच्या दातांमध्ये घालून बघा. गेली नाहीत तर जबडा आखडायला लागलाय, लगेच दाखवा. एका कारखान्यात मी हे सगळ्यांना एकदम करायला लावलं. सुरुवातीला हशा. मग एका कोपऱ्यात दोघं-तिघं गप्प झाले, त्यातला एक तर जेमतेम पंचविशीचा. माझ्या भाषणापेक्षा त्यांच्या मित्रांवर त्याचाच परिणाम झाला.

सोडायचं असेल त्यांच्यासाठी सरकारी फुकट फोन १८००-११२-३५६. दंड लावून मावा सुटत नाही, फक्त मशीनच्या मागं थुंकायची जागा बदलते.

पाळी_नंबर_तीन

डॉक्टरसाहेब, रात्रपाळीत मावा झोप यायला नको म्हणून खातात हेपण लिहा. तीन वाजता चहा मिळाला तर निम्मे खाणार नाहीत. आमच्याकडं कॅन्टीन अकराला बंद.

डॉ_मिरजवाले

मान्य. हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता.

पेठेतली

कारखानेवाले आपापसांत छान बोलताय, आम्ही दुकानवाल्यापण आहोत हो. मी गणपती पेठेच्या बाजूला एका साड्यांच्या दुकानात होते. सकाळी दहा ते रात्री नऊ उभं. गिऱ्हाईक असो नसो, बसलं की शेठ काउंटरवरून खाकरायचे. लग्नसराईत पिंढऱ्या इतक्या भरून यायच्या की रात्री पाय भिंतीला लावून झोपायचो सगळ्याजणी. एकीच्या शिरा फुगून निळ्या झाल्या, तिशी व्हायच्या आत.

आताच्या दुकानात काउंटरच्या खाली एक घडीचं स्टूल आहे. गिऱ्हाईक नसलं की ओढून बसायचं. मॅडम म्हणतात, बसलेली बाई साडी जास्त चांगली दाखवते कारण तिचं तोंड हसरं असतं. एवढंच सांगायचं होतं.

औंधकर

पेठेतली ताई, केरळनं २०१८ मध्ये आणि तामिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायचा हक्क कायद्यात घातला, तोही अशाच साड्या-सोन्याच्या दुकानांतल्या बायकांमुळं. आणि कारखान्यांसाठी तर उभ्यानं काम करणाऱ्याला बसायची सोय द्या हे १९४८ च्या कायद्याच्या ४४ व्या कलमात होतंच.

यवतेश्वर_रनर

आता माझ्यावर सगळे तुटून पडतील, पण मी उपक्रमांच्या बाजूनं बोलणार. साताऱ्यात पतसंस्थेत आहे. आमच्या चेअरमनना हिल मॅरेथॉनचं वेड, २०१२ पासून ती इथं होते. त्यांनी स्टाफची फी भरली, टीशर्ट दिले. मी नाइलाजानं नाव घातलं. पहिल्या वर्षी यवतेश्वरचा घाट चालत चढलो. आता आम्ही सहा-सात जण पहाटे अजिंक्यताऱ्यावर जातो. माझं वजन, झोप, सगळं त्यातून सुधारलं. त्यामुळं फोटोपुरतं असलं तरी त्यातून कुणी तरी सुरुवात करतो.

फक्त एक पुरवणी. मार्च एंडला आम्ही रात्री दहापर्यंत बसतो आणि वसुलीची मीटिंग संध्याकाळी सातला लागते. त्या महिन्यात गडावर कुणी नसतं.

शिरवळची_एचआर

यवतेश्वर_रनर, तुटून पडत नाही. पण तुम्ही खुर्चीवर बसणारे आहात, तुम्हाला पळणं हा आराम आहे. माझ्या असेंब्ली लाइनवरच्या मुलाला रविवारी पळ म्हटलं तर तो मला मनातल्या मनात काय म्हणेल ते मी लिहीत नाही. कुणासाठी काय, हे काम बघून ठरवावं एवढंच. आणि सातची मीटिंग साडेचारला आणायला चेअरमनसाहेबांना सांगा की, पळता पळता.

सांगलीवाडीचा

थोडं वेगळं लिहितो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आलं तेव्हा आमचं घर अर्धं बुडालेलं. पोरंबाळं पाहुण्यांकडं, मी आणि भाऊ गाळ काढत होतो. मालकाचा फोन आला. मला वाटलं कामावर कधी येतोस विचारणार. ते म्हणाले, घर धुऊन होईपर्यंत येऊ नको, पगार चालू आहे, आणि प्यायचं पाणी हवं असेल तर टेम्पो पाठवतो. आमच्यातल्या कितीतरी जणांना त्या गाळातून पायाला जखमा, ताप झाले. ज्यांना दुसऱ्या दिवशी कामावर जावं लागलं त्यांचे जास्त चिघळले.

तब्येतीसाठी सगळ्यात मोठी सोय म्हणजे आजारी पडल्यावर घरी राहायची परवानगी. आमच्या कामावर आजारी असल्याचा फोन केला तर "बरा हो आणि ये" एवढंच म्हणतात. त्यामुळं खोटी सुट्टी कुणी घेत नाही, लाज वाटते.

उधारीखाता

गप्प बसतो म्हणालो होतो, पण खर्चाचं कुणीच बोलत नाही म्हणून. व्यवहाराचं बोलू. कुपवाडात तयार ऑपरेटर मिळणं किती अवघड झालंय हे धागाकर्त्याला सांगायला नको. पोरगं आपल्याकडं शिकतं आणि वर्षा-दोन वर्षांत चाकण, भोसरी धरतं. एक ऑपरेटर गेला की नवीन तयार होईपर्यंत जे रिजेक्शन येतं ते धरलं तर स्कीमर आणि हातपेस्ट फुकटात पडते. आरोग्यबिरोग्य राहू द्या, हिशेबानं सांगतोय.

कंत्राटी पोरांसाठी मात्र माझे हात वर. ते कंत्राटदाराचे, आपण काय करणार?

टर्नर_कुपवाड (धागाकर्ता)

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. कालच शॉपवर फिरून पाणी, संडास, बसायची जागा बघून आलो. वडिलांनी गवंड्याला फोनपण केला. पाळीचा तक्ता या महिन्यापासून पंचवीस तारखेला लागेल, शिफ्ट इन्चार्ज कुरकुरतोय पण लावेल. पहाटे तीनच्या चहाचं कॅन्टीनवाल्याशी बोलणं चालू आहे, नाही जमलं तर चहाचं मशीन.

उधारीखाता यांचा शेवटचा मुद्दा माझाही आहे. कंत्राटी हेल्परांच्या ईएसआयचं (सरकारी कामगार विम्याचं) नक्की कोण बघतं? कंत्राटदार म्हणतो "भरतो साहेब". शिवाय ओटीमुळं काही ऑपरेटरांचा पगार २१ हजारांच्या वर जातो, त्यांचं काय?

पगारपत्रक

हे माझं रोजचं काम आहे, सांगतो.

दहा किंवा जास्त माणसं असली की ईएसआय लागू. पगाराची मर्यादा महिना २१ हजार, २०१७ पासून तीच आहे. मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५. मर्यादा बघताना ओटी धरायची नसते, त्यामुळं फक्त ओटीनं २१ च्या वर गेलेला माणूस ईएसआयमध्येच राहतो. जुन्या ईएसआय कायद्यात वर्गणी मात्र ओटीवरही कापली जायची. मूळ पगारच वाढून मर्यादा ओलांडली तर तो एप्रिल-सप्टेंबर किंवा ऑक्टोबर-मार्च हा सहामाही काळ संपेपर्यंत आत राहतो. तो बाहेर पडायच्या आधी त्याच्यासाठी गटाचा मेडिक्लेम काढून ठेवा. पगारवाढ मिळाली आणि दवाखाना गेला, अशी तक्रार घेऊन माणसं माझ्याकडं येतात, आणि ती खरी असते.

कंत्राटी माणसांची जबाबदारी शेवटी मुख्य मालकाची, म्हणजे तुमची. कंत्राटदारानं भरलं नाही तर तुमच्याकडून वसूल होतं, मग तुम्ही त्याच्या बिलातून कापा. "भरतो साहेब" यावर बिल पास करू नका. मागच्या महिन्याचं चलन आणि त्यासोबतची नावांची यादी मागा, आणि त्या यादीत तुमच्या गेटवर रोज सही करणारी माणसं आहेत का ते स्वतः ताडून बघा. मी एकदा पाहिलं तेव्हा यादीत सोडून गेलेल्यांची नावं होती आणि कामावर असलेल्यांची नव्हती.

प्रत्येक हेल्परला त्याचा विमा नंबर माहीत आहे का विचारा. आजारपणात ७० टक्के मजुरी वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळते, हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं. आणि घरच्यांची नावं नोंदवताना आधारवरचं स्पेलिंग जुळवून घ्या, नाहीतर बायकोला किंवा आईला खिडकीवरून परत पाठवतात.

टर्नर_कुपवाड (धागाकर्ता)

यादी मागवली. कंत्राटदार म्हणतोय सोमवारी देतो.

उधारीखाता

कुठला सोमवार ते विचारलंत का?